खनिज-स्फटिकांचा संग्रह सुरू करायचा आहे. तयार संच घ्यावा का?

विचारणा (खानापूर) :
नमस्कार. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला दगडांचे वेड असून तिला स्फटिकांचा संग्रह नीट सुरू करायचा आहे. महिन्याला चार-पाचशे रुपये खर्च करण्याची माझी तयारी आहे. ऑनलाइन मिळणारा वीस नमुन्यांचा संच घ्यावा का? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा नमुने कसे जपावेत, हेही कृपया सांगावे.

उत्तर (निपाणी) :
माझे मत विचाराल तर संच घेऊ नका. त्यातले बरेचसे तुकडे पॉलिश केलेले असतात, म्हणजे स्फटिकाचे नैसर्गिक पैलू, जे पाहायचे ते, आधीच घासून गेलेले असतात, आणि चिठ्ठीवर फार तर 'भारत' एवढेच लिहिलेले असते. कुठल्या गावच्या कुठल्या खाणीतला, हे ठाऊक नसलेल्या नमुन्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत.

त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचे पैसे साठवून आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणातला एक चांगला नमुना घ्यावा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्यातून झिओलाइट गटाची खनिजे जमली. जळगाव, नाशिक, पुणे भागांतल्या या खनिजांना जगभरातून मागणी आहे. फिकट गुलाबी स्टिलबाइट तर मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दिसते. जमल्यास खरेदीपूर्वी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय मुलीला दाखवून आणा, कारण एकदा नजर बसली की भडक गुलाबी-निळे रंगवलेले अकीक आपोआप ओळखू येतात : त्यांचा रंग भेगांत गडद साचलेला असतो.

उत्तर (गोकाक) :
वरील सल्ला योग्यच आहे, पण सगळे विकतच घ्यावे असे नाही. गोकाकच्या धबधब्याचा कडा वालुकाश्माचा, तुमच्याकडचा चिरा जांभ्याचा. हे खडक आहेत, म्हणजे खनिजांच्या कणांचे बनलेले, एकेकटी खनिजे नव्हेत, आणि हा फरक हातात दगड धरूनच कळतो. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही, कारण मोहस मापनावर (खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी मोजपट्टी) त्यांचा कठीणपणा अनुक्रमे ७ आणि ३ आहे. खडीच्या खाणीत मात्र मालकाच्या परवानगीवाचून आणि मोठ्या माणसाशिवाय पाऊल टाकू देऊ नका. सुरुंगाच्या दिवशी तर नावच नको.

उत्तर (बेळगाव) :
ओलीबद्दल लिहितो. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पायराइट, म्हणजे सोन्यासारखे चमकणारे लोह-गंधकाचे खनिज, तुमच्या हवेत सांभाळणे अवघड, कारण दमट हवेत त्याचे काही नमुने हळूहळू कुजतात आणि त्यातून निघणारे आम्ल चिठ्ठी, खोका दोन्ही खाते. सुरुवातीला ते टाळलेलेच बरे. जांभळा अमेथिस्ट उन्हाच्या खिडकीत ठेवू नये, त्याचा रंग उडतो.

चिठ्ठ्या हरवतात, म्हणून नमुन्याच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा, तो वाळल्यावर त्यावर काळ्या शाईने क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे खनिजाचे नाव, गाव, तारीख, किंमत व विक्रेता लिहावा. ही वही मुलीनेच ठेवावी, तुम्ही नव्हे.

विचारणा (खानापूर) :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. माती लागलेला नमुना व्हिनेगरने धुतला तर चालेल का?

उत्तर (निपाणी) :
नको. कॅल्साइट आम्लात विरघळते आणि अनेक झिओलाइटांचीही चमक जाते. साधे पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. अपोफिलाइट (झिओलाइटांसोबतच सापडणारे खनिज) असेल तर ब्रशही हलक्या हाताने फिरवावा, ते एका दिशेने सहज दुभंगते.