रोख रक्कम मी नाकारली, नुकसान मात्र भावाचेही झाले

विक्रोळीकर (प्रश्न)

सर्वांना सलाम. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील वडिलांचे छोटे घर त्यांच्या पश्चात माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झाले, आणि ते विकायचे असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. एजंटने आणलेल्या पहिल्या ग्राहकाला 90 लाखांचा भाव मान्य होता. मात्र करारनाम्यात 70 लाख दाखवायचे आणि उरलेले 20 लाख रोख घ्यायचे, ही त्याची अट होती. बोलणी करायला आला तेव्हा त्याने टोकनचे पैसे मिठाईच्या दुकानाच्या पिशवीतून आणले होते. भावजयीने चहाचा ट्रे ठेवण्यासाठी ती पिशवी बाजूला सरकवली आणि आतल्या नोटा पाहून तिचा हात तसाच थांबला. खोट्या आकड्याखाली मी सही करणार नाही, असे त्याच बैठकीत सांगून मी पिशवी परत केली. भावाला मी विचारले नव्हते.

पुढे सात महिने घर तसेच पडून राहिले. आता मिळालेला ग्राहक सगळी रक्कम चेकने देण्यास तयार आहे, पण 81 लाखांच्या वर जात नाही. म्हणजे भावाच्या वाट्याचे साडेचार लाख कमी झाले, आणि त्याच्या मुलीच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची फी याच पैशांतून भरायची होती. उपासनेला आम्ही एकाच मंडळीत जातो, पण हल्ली तो माझ्या बाकावर बसत नाही. “विश्वास तुझा आणि पैसे माझे,” एवढे एकच वाक्य तो बोलला.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. तो दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, पण त्यातील पैसे बांधणाऱ्याचे स्वतःचे आहेत हे आत्ता लक्षात येते. माझ्या विश्वासाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून मोजण्याचा अधिकार मला आहे का?

दादरची वाचक

आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये हा प्रश्न जुनाच आहे. फक्त आपण तो नेहमी किंमत मोजणाऱ्या नायकाच्या बाजूने सांगतो. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना तो निर्णय विचारून झालेला नव्हता. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढली आणि 1900 मध्ये त्या स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्या काळाविषयी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या विनोदाने लिहितात, म्हणून आपणही हसत वाचतो, पण सोसले कोणी हे विसरू नये. टिळक चुकले असे मी म्हणणार नाही. तरीही आपण नकार दिलात त्यापेक्षा भावाला न विचारता दिलात, हेच मला अधिक खटकते. शक्य असेल तर 81 लाखांतून भावाला त्याचे 45 पूर्ण द्यावेत आणि स्वतः 36 घ्यावेत. मग ती किंमत खरोखर आपली होईल.

वसईचा हिशेबनीस

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि हे मी कॅथलिक म्हणून नव्हे तर तीस वर्षे लोकांचे हिशेब लिहिणारा माणूस म्हणून सांगतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला आणि आपल्या भावाला झाला असता. ग्राहकाला करारनाम्यात रक्कम कमी हवी होती ती केवळ मुद्रांक शुल्कासाठी असेल असेही समजू नका. मुंबईत सहा टक्क्यांच्या हिशेबाने 20 लाखांवर त्याचे 1 लाख 20 हजारच वाचत होते. धंद्यात साठलेली रोकड कुठेतरी जिरवायची असते, म्हणून तो 90 पर्यंत चढला. तेव्हा घराचा खरा भाव 81 च्या आसपासच होता आणि वरचे 9 लाख हे काळा पैसा जिरवून देण्याचे मोल होते. ते आपण भावाला खिशातून भरून दिलेत, तर जे नाकारले तेच मान्य केल्यासारखे होईल. शिवाय देव न मानणारा एखादा प्रामाणिक माणूसही या व्यवहारात एवढेच गमावून बसला असता. त्याला वधस्तंभ उचलणे, म्हणजे ख्रिस्तासाठी सोसणे, म्हणू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. भाचीच्या, क्षमा करा, पुतणीच्या फीसाठी मदत करायची असेल तर काका म्हणून अवश्य करावी, पण ती या हिशेबात मांडू नये.

मुलुंडचा एक बाप्तिस्मित

माझे वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंनाच होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती झाले नाहीत. त्यामुळे प्रवेश अर्जावर धर्माचा रकाना भरताना चुलतभावाला जो जातीचा दाखला उपयोगी पडला, तो मला मिळू शकला नाही. खिडकीवरच्या कारकुनाने पेन्सिलीने त्या रकान्याभोवती गोल करून विचारले, “हे असेच ठेवायचे ना?” वस्तीत मात्र जात कोणी विसरले नव्हते. बाप्तिस्मा वडिलांनी घेतला होता, रकाना मी भरला, आणि “ठेवायचे” असे मीच म्हणालो, कारण तोवर तो विश्वास माझाही झाला होता. वडिलांविषयी मला राग नाही. पण शेवटच्या आजारपणात त्यांनी एकदा विचारले, “तुला जड गेले का रे?” त्या एका प्रश्नाची मी वीस वर्षे वाट पाहत होतो, हे मला तेव्हा कळले. आपल्या भावाला कदाचित साडेचार लाखही हवे असतील, ते मी हलके मानत नाही. पण त्याला कोणी अजून काही विचारलेले दिसत नाही.

विक्रोळीकर

सर्वांचे आभार. 45 आणि 36 ची वाटणी काल पत्नीला सांगितली. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “म्हणजे या वेळीही मला न विचारताच ठरवलेत?” त्यामुळे तो बेत तूर्त बाजूला ठेवला आहे. हिशेबनीसांचा मुद्दा पटला, परंतु तो भावापुढे मांडला तर मी पुन्हा शिकवायला आलो असे त्याला वाटेल. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याच्या बाकावर जाऊन बसणार आहे. हिशेबाची वही सोबत नेणार नाही.