शब्दचर्चा : ‘जनतेचा कौल’, ‘काडीमोड’, ‘बंडखोर’ – ब्रेक्झिटच्या बातम्या मराठीत आणताना

शब्दवेल्हाळ

नमस्कार मंडळी. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मी भाषांतर शिकवते. या सत्रात त्यांना २०१६ ते २०२० या काळातल्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, इंग्रजी बातम्या मराठीत करायला दिल्या आहेत. अर्थ सगळ्यांना कळतो, अडतात ते शब्दांवर. एकाने लिहिलं, ‘ब्रिटिश जनतेने युरोपशी काडीमोड घेण्याचा कौल दिला’. वाक्य मराठी वळणाचं आहे, कानाला गोड लागतं. दुसरी विद्यार्थिनी म्हणाली, या एका वाक्यात बातमीदाराने दोनदा बाजू घेतली आहे. मला तिचं म्हणणं पटतं, पण का पटतं ते वर्गात नीट मांडता आलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये त्या चार वर्षांत लोक जितके एकमेकांशी भांडले, तितकेच वृत्तपत्रांशी आणि बीबीसीशीही भांडले. आपण मराठीत शब्द निवडतो तेव्हा त्या भांडणात नकळत कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसतो. तेव्हा माझे प्रश्न असे: ‘कौल’ चालेल का? ‘काडीमोड’, ‘फारकत’, ‘सोडचिठ्ठी’ यांतलं काय घ्यावं? आणि बीबीसीने पाळायचा तो ‘निःपक्षपात’, ‘समतोल’ की ‘तटस्थता’?

वेंगुर्लेकर

ताई, कौलाबद्दल आम्हा कोकणातल्या लोकांना विचारायलाच हवं. गावातल्या देवाला गाऱ्हाणं घालून कौल लावतात. गुरव मूर्तीला कळे लावतो, उजवा कळा पडला की होकार, डावा पडला की नकार. एकदा देवाने कौल दिला की प्रश्न मिटला. मानकरी, पुजारी, गावकरी सगळे गप्प. ‘देव असं का म्हणाला’ हे कुणी विचारत नाही.

‘जनतेचा कौल’ म्हणताना ही सगळी पुण्याई आपण मतपेटीला देऊन टाकतो. आपल्याकडच्या निवडणुकीला तो शब्द शोभतो, कारण निकाल कायद्यानेच बंधनकारक असतो. २३ जून २०१६ चं ब्रेक्झिटवरचं सार्वमत तसं नव्हतं. ज्या कायद्याने ते घेतलं, त्यात निकाल अमलात आणण्याची सक्ती कुठेच नव्हती. २०११ साली ब्रिटनमध्ये मतदानपद्धतीवर सार्वमत झालं होतं. त्याच्या कायद्यात मात्र सरकारने निकालानुसार काय करायचं ते लिहिलेलं होतं. म्हणजे बंधन घालायचं कसं हे त्यांच्या संसदेला माहीत होतं.

म्हणून मी तरी ‘सार्वमताचा निकाल’ लिहीन. ‘कौल’ लिहिला की पुढे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण देवाच्या विरुद्ध गेल्यासारखा दिसतो.

थेम्सकाठ

वेंगुर्लेकर, मी इथे इंग्लंडमध्ये राहतो आणि माझं मत बाहेर पडण्याच्या बाजूने होतं. म्हणून तुमचं म्हणणं अर्धंच पटलं.

कायद्याच्या पुस्तकात सक्ती नव्हती हे खरं. पण एप्रिल २०१६ मध्ये सरकारने घरोघरी जी पुस्तिका पाठवली, तीत स्पष्ट शब्दांत होतं: हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कुणा कार्यकर्त्याने भिंतीवर रंगवलेलं हे वाक्य नव्हतं, ते सरकारचं वचन होतं. आणि ‘कौल’ शब्दाचा जुना अर्थ वचन हाच ना? अरबी-फारसीतून आलेला शब्द आहे. शिवकाळात आणि पेशवाईत रयतेला कौल द्यायचे, कौलनामा लिहून द्यायचे, म्हणजे राज्याकडून अभय आणि शब्द मिळायचा. ७२.२ टक्के लोकांनी मतदान केलं. ५१.९ टक्के, म्हणजे १ कोटी ७४ लाखांहून जास्त माणसं ‘बाहेर पडा’ म्हणाली. त्यांना नंतर जेव्हा सांगितलं गेलं की हा केवळ सल्ला होता, तेव्हा त्यांना फसवल्यासारखं का वाटलं, ते या दुसऱ्या अर्थाच्या कौलातूनच कळेल.

तुम्ही ‘निकाल’ लिहा, माझी हरकत नाही. पण आमच्या बाजूच्या माणसाच्या तोंडी ‘कौल’च घाला. तो तोच शब्द वापरत होता.

शब्दवेल्हाळ

थेम्सकाठ, हे फार मोलाचं आहे. बातमीच्या स्वतःच्या वाक्यात ‘निकाल’ आणि बोलणाऱ्याच्या वाक्यात ‘कौल’, ही वाटणी मी वर्गात नक्की मांडणार. माझ्या विद्यार्थ्यांचा खरा घोटाळा तिथेच होतो: नेत्याचं विशेषण अवतरणचिन्हातून निसटतं आणि बातमीदाराचं होऊन बसतं.

दस्तऐवज

मी जुन्या कागदपत्रांत रमणारा माणूस, तेव्हा काडीमोडीवर दोन शब्द.

काडीमोड हा विवाह मोडण्याचा विधी. पंचांसमोर काडी मोडली की नातं संपलं. सोडचिठ्ठीत एक जण सोडतो आणि दुसरा सोडला जातो. दोन्ही शब्दांत विवाहाचं रूपक अंगभूत आहे. इंग्रजी वृत्तपत्रांनीही घटस्फोटाचं रूपक भरपूर वापरलं, ते मराठीत आयतं उतरलं. पण त्या रूपकात २८ देशांचा संघ ही एक बायको किंवा एक नवरा होतो. मग कोण रागावलं, कुणाचं मन मोडलं, असल्या भाषेत बातमी जाते आणि सीमाशुल्क, मासेमारी, औषधांचे परवाने बाजूला पडतात.

‘फारकत’ मला जास्त योग्य वाटतो. घटस्फोटाला आपण तो वापरतो हे खरं. पण जुन्या व्यवहारात फारखत म्हणजे देणंघेणं मिटल्याचा लेख, मोकळीक दिल्याची पावती. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला माघारीचा करार बऱ्याच अंशी हेच होता. आधी कबूल केलेली देणी किती द्यायची, इकडचे नागरिक तिकडे आणि तिकडचे इकडे आहेत त्यांचे हक्क काय, आयर्लंडच्या सीमेचं काय करायचं. देण्यांचा आकडा बातम्यांत ३९ अब्ज पौंड असा येत असे.

याच संदर्भात एक इशारा. त्या रकमेला मराठीत ‘पोटगी’ म्हणण्याचा मोह होतो. म्हणू नये. पोटगी ही पुढच्या निर्वाहासाठी असते. ही रक्कम ब्रिटनने सदस्य असताना ज्या खर्चांना मान्यता दिली त्यातल्या स्वतःच्या वाट्याची होती. ‘देणी’ हा साधा शब्द पुरतो.

बातमीदार

बरीच वर्षं मराठी वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक फरक विद्यार्थ्यांच्या मनात पक्का करा. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांना निःपक्षपाती असण्याची सक्ती नाही. ती उघड बाजू घेतात. ‘द सन’ने मतदानाआधी बाहेर पडण्याचं आवाहन पहिल्या पानावर केलं, ‘द गार्डियन’ राहण्याच्या बाजूने होता. त्यांच्यावर बंधन आहे ते अचूकतेचं. ९ मार्च २०१६ ला ‘द सन’ने राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा दिला. राजवाड्याने तक्रार केली आणि वृत्तपत्रांच्या नियमन संस्थेने तो मथळा दिशाभूल करणारा ठरवला. टीव्ही आणि रेडिओचं वेगळं आहे. त्यांना ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेचे नियम आहेत, बीबीसीला शिवाय तिची सनद आहे, आणि त्यांत निःपक्षपात ही अट आहे.

आता शब्द. ‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. पत्रकाराला काठावर उभं राहून चालत नाही, पाण्यात उतरून खोली मोजावी लागते. ‘समतोल’ म्हणजे दोन्ही पारडी सारखी. आणि ब्रेक्झिटच्या वेळी बीबीसीवर सर्वांत गंभीर टीका झाली ती या समतोलामुळेच.

बसवर लिहिलेला आकडा घ्या. आपण दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो, असं बाहेर पडणाऱ्यांच्या मोहिमेच्या लाल बसवर लिहिलं होतं. ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सवलत वजा करण्याआधीचा तो आकडा. सवलत वजा केली की तो साधारण २५ कोटींवर येत होता, शिवाय त्यातले काही पैसे शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत येत होते ते वेगळेच. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने मतदानाआधीच तो आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं होतं. आता ‘एक बाजू म्हणते ३५ कोटी, दुसरी म्हणते हे खोटं’ एवढीच बातमी दिली तर ती समतोल झाली. निःपक्षपाती नाही झाली. निःपक्षपाती माणूस खरा आकडा काय ते सांगतो, मग तो कुणालाही लागो. न्यायाधीश वादी-प्रतिवादीला सारखं ऐकतो, निकाल अर्धा-अर्धा देत नाही.

म्हणून तीनपैकी ‘निःपक्षपात’ घ्या. ‘समतोल’ फक्त वेळेच्या वाटपासाठी ठेवा.

थेम्सकाठ

बातमीदार काका, आकड्याबद्दल तुमचं खरं आहे. मी मत दिलं तेव्हाही त्या बसवर माझा विश्वास नव्हता, माझी कारणं वेगळी होती. पण बीबीसीवरची टीका एकाच बाजूने नव्हती हेही लिहा. मार्च २०१७ मध्ये ७० हून अधिक खासदारांनी बीबीसीला पत्र लिहिलं की तुम्ही ब्रेक्झिटच्या बातम्या निराशेच्याच सुरात देता. अनेकांना प्रामाणिकपणे असं वाटत होतं की आमच्या गावांकडे, आमच्या बंद पडलेल्या कारखान्यांकडे मतदानाआधी कुणी फिरकलंच नाही. तो ‘समतोल’ वेळेच्या वाटपात मावत नाही. कुणाकडे जाऊन प्रश्न विचारायचे, त्यातही निःपक्षपात असतो.

बातमीदार

मान्य. हे मी माझ्या उत्तरात लिहायला हवं होतं इतकं ते मध्यवर्ती आहे.

म्हापसेकर

‘सार्वमत’ या शब्दातल्या ‘सर्व’बद्दल लिहू का? गोव्याच्या माणसाला तो टोचतो.

आमच्याकडचे पुष्कळ लोक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती वाट मोकळी होती. स्विंडनमध्ये तर गोवेकरांची मोठी वस्ती आहे. ही माणसं कायद्याने युरोपीय नागरिक, म्हणून त्यांना त्या सार्वमतात मत नव्हतं. आणि भारतीय पासपोर्टवर तिथे राहणाऱ्या पुणेकराला मात्र होतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. ज्याच्या राहण्याचाच प्रश्न होता त्याला मत नाही, आणि ज्याच्या व्हिशाला काहीच धक्का नव्हता त्याला आहे. स्विंडनचा निकालही बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. पुढे आमच्या लोकांना तिथे राहण्याच्या हक्कासाठी नव्याने अर्ज करावे लागले.

मराठी वृत्तपत्रांत यावर फार थोडं आलं. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं नाव सगळीकडे झळकलं, तो अभिमान रास्तच आहे. पण त्याच वराडकरांनी उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाके येऊ नयेत म्हणून जी तरतूद लावून धरली, जिच्यावरून ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला, तिला मराठीत धड नावही मिळालं नाही. ‘बॅकस्टॉप’ असंच छापत राहिले.

शब्दवेल्हाळ

म्हापसेकर, मतदारांविषयीची तुमची माहिती वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवेन. बॅकस्टॉपला ‘हमीची तरतूद’ म्हटलं तर? दुसरा तोडगा निघाला नाही तरी सीमा खुली राहील याची हमी, एवढाच तिचा गाभा होता.

म्हापसेकर

चालेल. पहिल्या उल्लेखात एक वाक्य स्पष्टीकरण जोडलं की वाचक अडणार नाही.

शब्दवेल्हाळ

आता शेवटचे दोन मथळे, ज्यांवर वर्गात सगळ्यात जास्त वाद झाला.

पहिला ४ नोव्हेंबर २०१६ चा, ‘डेली मेल’चा. तीन न्यायाधीशांची छायाचित्रं आणि खाली ‘जनतेचे शत्रू’. न्यायालयाने इतकंच म्हटलं होतं की युरोपीय संघ सोडण्याची प्रक्रिया सुरू करायला संसदेची मान्यता हवी. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ८ विरुद्ध ३ असं तेच सांगितलं. एका विद्यार्थ्याने मथळा ‘देशद्रोही न्यायाधीश’ असा केला, तो मी खोडला. मूळ शब्द भयंकरच आहेत, त्यांत आपली भर नको.

दुसरा १५ नोव्हेंबर २०१७ चा, ‘डेली टेलिग्राफ’चा. बाहेर पडण्याची तारीख कायद्यात घालायला विरोध करणाऱ्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) या सत्ताधारी पक्षाच्या १५ खासदारांची छायाचित्रं पहिल्या पानावर आणि ‘ब्रेक्झिट म्यूटिनियर्स’ असं शीर्षक. सगळ्यांनी ‘बंडखोर’ लिहिलं. मला ते फिकं वाटतं.

बातमीदार

फिकंच आहे. आपल्याकडे तिकीट नाकारलं की माणूस बंडखोर होतो आणि महिन्याभरात परत पक्षात येतो. त्या शब्दाची धार गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये करार नसताना बाहेर पडण्याविरुद्ध मत दिल्याबद्दल २१ हुजूर खासदारांना तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदीय पक्षातून काढलं. त्यांना इंग्रजीत ‘रेबेल’ म्हणत, तिथे आपलं ‘बंडखोर’ अगदी बरोबर बसतं. २०१७ च्या मथळ्यात मात्र जहाजावर कप्तानाविरुद्ध उठलेले खलाशी आहेत, हुकूम मोडणारे शिपाई आहेत. ‘फितूर’ म्हणावं का?

दस्तऐवज

‘फितूर’ नको. फितूर शत्रूला आतून मिळालेला असतो, हे खासदार तर उघडपणे मत मांडत होते. जुन्या मराठीत ‘बंडवाले’ असा शब्द आहे. १८५७ च्या शिपायांना सरकारदरबारच्या भाषेला धरून तेच म्हणत. इंग्रजांनी त्या शिपायांसाठी वापरला तो शब्द आणि टेलिग्राफने या १५ जणांसाठी वापरला तो शब्द एकच आहे. ‘बंडवाले’ लिहा आणि अवतरणचिन्हं विसरू नका. त्याच शिपायांच्या लढ्याला आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो, हे मराठी वाचकाला आपोआप आठवेल.

शब्दवेल्हाळ

‘बंडवाले’ घेते. उद्याच्या तासाला आधी हाच मथळा फळ्यावर लिहीन.