टेलिकायनेसिसला मराठीत काय म्हणायचं? (मावशी म्हणते भानामती)

उंबरठा
वाचनगटासाठी स्टीफन किंगच्या 'कॅरी'मधले (1974) काही उतारे मराठीत करतेय. टेलिकायनेसिसपाशी अडलेय. शाळेत कायम हिणवली गेलेली मुलगी, हात न लावता वस्तू हलवते आणि शेवटी अख्खं गाव पेटवते. मी 'मनश्चालन' लिहून मोकळी झाले होते. कादंबरीच्या सुरुवातीलाच, ती लहान असताना निरभ्र आकाशातून घरावर दगड पडले, अशी बातमी आहे. तेवढं मावशीला वाचून दाखवलं. मावशी उदगीरची. म्हणाली, "अगं, ही तर भानामती! मनश्चालन कसलं?" तेव्हापासून माझाच शब्द मला वाचवत नाही.

शुद्धमती
मनश्चालन उत्तम आहे, बदलू नका. सुरुवातीला सगळेच शब्द खटकतात. 'महापौर'ला लोक हसलेच होते, आज कोण हसतं?

खडीसाखर
महापौर समोर दिसतो तरी! आणि मनश्चालन म्हणजे मनाने चालवणं की मनाला चालवणं? मला तर तो सकाळच्या योगवर्गातला प्रकार वाटला. "आता दहा मिनिटं मनश्चालन."

शुद्धमती
तृतीया तत्पुरुष घ्या, शंका मिटते. नाहीतर 'मनोगती' आहेच.

खडीसाखर
वाचक विग्रह करत बसणार का? मनोगती म्हटलं की मला रामरक्षेतलं 'मनोजवं मारुततुल्यवेगं' आठवतं. तो वेग झाला, टेबल हलवणं नव्हे.

दुपारचा_चहा
मूळ शब्द तरी कुठे घरगुती आहे? ग्रीक तुकडे जोडून 1890मध्ये अलेक्झांडर अक्साकोव या रशियन गृहस्थाने केलेला. टेली म्हणजे दूर, कायनेसिस म्हणजे हालचाल. त्यात मन कुठेच नाही! मन आलं ते सायकोकायनेसिसमध्ये, 1914ला. म्हणजे 'मनश्चालन' हा त्या दुसऱ्या शब्दाचा अनुवाद झाला. काटेकोर व्हायचं तर 'दूरचालन' म्हणा.

खडीसाखर
दूरचालन म्हणजे टीव्हीचा रिमोट.

मांजराकाठी
लातूरकडचा आहे म्हणून बोलतो. मावशीचं निम्मं बरोबर. दगड पडणं, कपडे आपोआप पेटणं, भांडी उडणं, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणं, हे सगळं आमच्याकडे भानामतीतच येतं. पण क्रियापद बघा. भानामती 'करतात' किंवा 'होते'. कुणीतरी कुणावर तरी करतं. ज्या पोरीभोवती हे घडतं ती बिचारी झपाटलेली, करणारी नव्हे. कॅरी तर स्वतःच करते. "कॅरीला भानामती झाली" म्हटलं की तिची सगळी ताकद गेली आणि ती पेशंट झाली.

उंबरठा
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण "कॅरीने गावावर भानामती केली" चालेल ना?

मांजराकाठी
मग ती लिंबू-बाहुली घेऊन बसलेली म्हातारी वाटते. आणि एक गंमत सांगतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले अशा घरी जाऊन छडा लावायचे, तेव्हा बहुतेकदा दगड टाकणारं माणूस घरातलंच निघायचं. मनाने कोंडलेली सून, नाहीतर वयात येणारं पोरगं. म्हणजे कॅरीच की, फक्त अंगात शक्ती नसलेली. माझ्या आत्याच्या घरी एकदा पिठाच्या डब्यात केस निघायला लागले होते. सगळ्यांना माहीत होतं कोण करतंय. कुणी नाव घेतलं नाही. त्या सुनेला महिनाभर माहेरी पाठवलं, बंद झालं.

दुपारचा_चहा
भानामती आली 'भानुमती'वरून, दुर्योधनाची बायको. हिंदीत 'भानमती का पिटारा' म्हणतात तीच जादूगारीण.

मांजराकाठी
आणि कानडी-तेलुगूत 'बाणामती' म्हणतात त्याचं काय? बाण मारल्यासारखी लागते ती बाणामती. दुर्योधनाच्या बायकोने कुणाच्या पिठात केस टाकले होते?

शुद्धमती
लोकव्युत्पत्ती थांबवा, ही विनंती.

वसईचा_वारा
एक सुचवू? सगळीकडे एकच शब्द हवा, हा हट्ट का? कादंबरीतल्या चौकशी आयोगाच्या तोंडी टेलिकायनेसिसच राहू दे, अहवालात तसंच लिहितात. कॅरीची आई कडवी धार्मिक आहे, ती 'सैतान' आणि 'चेटकीण' म्हणेल. मराठी बायबलात निर्गमच्या 22व्या अध्यायात चेटकीणच आहे. माझी आजी तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. आईच्या तोंडी भानामती घातलीत तर ती उदगीरचीच होईल.

उंबरठा
हे पटलं. पण निवेदनात, जिथे कॅरी एकटी असते, तिथे?

देवचाराची_वाट
थय 'तळतळाट' घाला. कुडाळचो आसय. आमच्याकडे मूठ मारतत, नारळ ठेवतत, पण तेका सामान लागता, भगत लागता. तळतळाटाक काय लागना नाय. गांजलेल्या माणसाच्या पोटातसून येता नि समोरच्याचा घर बसता. त्या पोरीच्या अंगावर डुकराचा रगत ओतल्यार जा काय झाला, ता तळतळाटच.

खडीसाखर
वा! आख्ख्या धाग्यातला पहिला शब्द जो वाचून अंगावर काटा आला.

शुद्धमती
भावना ठीक. पण तळतळाट 'लागतो'. तळतळाटाने दार बंद होत नाही, दिवा फुटत नाही. पहिल्या प्रकरणात ती नुसती वस्तू हलवते, तिथे काय लिहिणार? "कॅरीने तळतळाटाने कंगवा हलवला"?

दुपारचा_चहा
😄 बाय द वे, तळतळाट तळण्यावरूनच ना? जीव कढईत तळला जातो तो. आणि 'तळपट' त्याचाच भाऊ.

मांजराकाठी
तळपट वेगळं! तळ आणि पट, पार तळापर्यंत सपाट. आमची आजी म्हशीला म्हणायची, "तुजं तळपट हुईल", आणि लगेच तिच्यापुढे पेंड ठेवायची.

उंबरठा
मंडळी, कंगव्याचं वाक्य अजून तसंच आहे.

देवचाराची_वाट
म्हशीक तळपट? आमच्याकडे म्हशीक फक्त 'मेल्या' म्हणतत.

मांजराकाठी
म्हशीला 'मेल्या'? 'मेले' तरी म्हणा!