मालीश: व्यायामाचा भाग की व्यायामानंतरची चैन?

लालमाती

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आमच्या गटाचे वेळापत्रक ठरत असताना त्यात मालीशेसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी सूचना आली आणि त्यावरून गटात चक्क दोन तट पडले. माझे मत सूचनेच्या बाजूचे आहे. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींमध्ये जोर-बैठका आणि हौद्यातली, म्हणजे मातीच्या आखाड्यातली, लढत आटोपली की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात, आणि त्याला कोणी चैन म्हणत नाही. तो मेहनतीचाच शेवटचा टप्पा मानला जातो. अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायातही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा आणि त्यानंतर सर्वांगाचे सुखकारक मर्दन करावे, असे लागोपाठ सांगितले आहे. आपल्या आजच्या जिमने मात्र त्यातला व्यायाम तेवढा घेतला आणि मर्दन स्पावाल्यांच्या हवाली केले, जिथे ते मेणबत्त्या आणि बासरीच्या सुरांसह महाग दराने मिळते. व्यायामाची आखणी करताना मालीशेचा विचार पुन्हा सुरू व्हावा, असे मला वाटते. आपली मते वाचायला आवडतील.

शंकासुर

परंपरेविषयी आदर आहे, पण ‘मालीशेने स्नायूंतले लॅक्टिक ॲसिड निघून जाते’ हे मसाज केंद्रांच्या पाट्यांवरचे वाक्य कोणीतरी एकदाचे पुसायला हवे. व्यायाम थांबवल्यानंतर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट (म्हणजे याच ॲसिडचे शरीरातले रूप) आपोआप मूळ पातळीवर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणाऱ्या मांड्यांशी त्याचा संबंध नाही. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर मालीशेच्या दाबामुळे स्नायूंतील रक्तप्रवाहाला अडथळाच झाला आणि लॅक्टेट बाहेर पडण्याचा वेग कमी झाला, असे दिसले.

उरला प्रश्न कामगिरीचा. 2020 मध्ये 29 अभ्यासांचा, म्हणजे 1012 जणांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ताकद, उडी, वेगाची धाव आणि दमसास यांपैकी कशातही मालीशेने सुधारणा होत असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. लवचीकता आणि दुखणे यांत थोडा फरक आढळला, इतकेच. एवढ्याशा फरकासाठी दर आठवड्याला दीड-दोन हजार रुपये आणि एक संध्याकाळ खर्च करण्यापेक्षा त्या संध्याकाळी लवकर झोपावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

घोटा_गुडघा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शंकासुर यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ‘इतकेच’ म्हणून त्यांनी जे बाजूला सारले, त्यासाठीच तर लोक आमच्याकडे येतात.

सिंहगड चढून-उतरून आलेल्या नवख्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरत असतो आणि अशा कामाची सवय नसेल, तर त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. हे दुखणे 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. नेमक्या याच दुखण्यावर आणि थकव्याच्या जाणिवेवर कोणता उपाय चालतो, हे पाहण्यासाठी फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये 99 अभ्यास तपासले. त्यात थंड पाण्यात बसणे, दाब देणारे कपडे, हलका व्यायाम अशा सगळ्या उपायांत मालीश सर्वांत उपयुक्त ठरली. मॅरेथॉनचा सराव आठवडा-आठवड्याने वाढत जातो. मंगळवारी पाय मोकळे वाटत असतील, तर बुधवारची धाव चुकत नाही. मालीश वेग वाढवत नसेलही, पण सरावात खंड पडू देत नसेल तर तिला निरुपयोगी कसे म्हणणार?

मात्र ती कशी होते, याला फार महत्त्व आहे. पोटरीवर काम करताना माझे लक्ष हातांपेक्षा समोरच्या माणसाच्या पावलाकडे असते. दाब जास्त झाला की तो तोंडाने काही बोलत नाही, पण पायाची बोटे आत वळतात आणि श्वास अडकतो. असा आवळलेला स्नायू कितीही रगडला तरी सैल होत नाही. ‘दुखले म्हणजे लागू पडले’ ही समजूत तालमीत शोभत असेल. चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या धावकाला ती महागात पडते.

लालमाती

तालमीविषयीच्या वाक्याबद्दल तक्रार नोंदवतो. चांगला वस्तादही नव्या पोराचे अंग पहिल्याच दिवशी जोरात रगडू देत नाही. बाकी सर्व मान्य.

शंकासुर

तालमीचा दाखला पुन्हा आला म्हणून एक शंका विचारतो. पहिलवान पहाटे मेहनत करतो, मालीश करून घेतो, थंडाई पितो, भरपेट जेवतो आणि दुपारी ताणून देतो. मग त्याचे अंग संध्याकाळच्या मेहनतीसाठी तयार होते, त्याचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे? आपण त्या दिनक्रमातून दुपारची झोप वगळतो, खुराक वगळतो, आणि जी गोष्ट विकत मिळते तेवढीच उचलतो. शिवाय तालमीतली मालीश आळीपाळीची असते. तिथे आज ज्याने रगडले, त्याला उद्या दुसरा रगडतो. तिच्या नावाने स्पाच्या पॅकेजचे समर्थन करू नये.

सातारकर_धावपटू

माझा आक्षेप पैशांचा नाही. मालीशेने दुखणे दबते, हाच तिचा धोका आहे. आमच्या गटातील एकाच्या नडगीत धावताना कळ येत असे. प्रत्येक लांब धावेनंतर तो मालीश करून घेई, दोन दिवस बरे वाटे, पुन्हा धावे. अखेर तपासणीत हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे निघाले आणि पूर्ण हंगाम वाया गेला. मालीशवाल्याने एकदाही ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ असे सांगितले नव्हते.

घोटा_गुडघा

या आक्षेपाला माझ्याकडे ‘पण’ नाही. श्रमाने आलेले दुखणे साधारणपणे दोन्ही पायांत, पसरट आणि स्नायूत असते. ज्या ठिकाणी एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, विशेषतः हाडावर, तिथे आधी तपासणी. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल, तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते. तिथे तर हातही लावू नये. मांडीला जोराचा मार बसून रक्त साकळले असताना ते ‘फोडण्यासाठी’ रगडण्याची पद्धत अजूनही दिसते. त्यातून स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होण्याचा धोका असतो. ताप असताना किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालीश नको. आणि अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर मालीशवाल्याकडे नव्हे, थेट रुग्णालयात जावे.

लालमाती

मग वेळापत्रकात नेमके काय लिहावे? लांब धावेच्या दिवशीच मालीश घ्यावी की दुसऱ्या दिवशी? आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी चालेल का?

घोटा_गुडघा

त्याच दिवशी घ्यायची असेल, तर पाणी, जेवण आणि थोडी विश्रांती झाल्यावर आणि हलक्या हाताने. दुसऱ्या दिवशी घेतली तरी चालेल. जोरकस मालीश शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी थांबवावी, कारण तिच्यानंतरही स्नायू एक-दोन दिवस हुळहुळे राहू शकतात. ज्यांनी सरावाच्या काळात कधीच मालीश घेतली नाही, त्यांनी शर्यतीच्या आठवड्यात तो प्रयोग करू नये. दर आठवड्याला माझ्यासारख्याकडे येण्याचीही गरज नाही. घरी कोमट तिळाच्या तेलाने पोटऱ्या आणि मांड्या दहा-पंधरा मिनिटे स्वतः चोळल्या, तरी पुष्कळ काम होते.

शंकासुर

घरी, तेलाने, स्वतःच्या हातांनी असेल तर माझा विरोध मागे घेतो. गटाच्या वर्गणीतून त्यासाठी पैसे जाणार असतील, तर मात्र कायम आहे.

लालमाती

वर्गणीला हात लावणार नाही. सोमवारच्या रकान्यात आता ‘विश्रांती, तेल, दहाच्या आत झोप’ असे लिहीत आहे. शेवटचे कलम शंकासुर यांच्या खाती.