रिॲक्ट नवशिक्यांच्या गळ्यात मारणं बंद करा

पाटी_कोरी: एचटीएमएल, सीएसएस येतं, जावास्क्रिप्टमध्ये फॉर्म व्हॅलिडेशन वगैरे करून झालंय. आता जो तो म्हणतो रिॲक्ट (पानाचे तुकडे, म्हणजे कंपोनंट, जोडून साइट बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिक, म्हणून बसलो तर पहिल्याच पायरीवर घसरगुंडी. कोर्समधली पहिली कमांड क्रिएट रिॲक्ट ॲपची (नवा प्रोजेक्ट उभा करून देणारं टूल), आणि ते तर रिॲक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये डेप्रिकेट केलंय, म्हणजे नव्याने वापरू नका म्हणून सांगितलंय. बरं, त्याऐवजी व्हीट नावाचं टूल वापरलं. बटणावर काउंटचा आकडा बदलणारं सेटकाउंट लावलं, लगेच खालच्या ओळीत कन्सोल लॉग, तर आकडा जुनाच! यूजइफेक्टमध्ये (कंपोनंट स्क्रीनवर आल्यावर चालणारा कोड) सर्व्हरकडून डेटा देणारा एपीआय एकदाच बोलावलाय, नेटवर्क टॅबमध्ये दोन रिक्वेस्ट. माझं म्हणणं सरळ आहे, हे नवशिक्यासाठी बनवलेलंच नाही, तरी सगळे त्यालाच पुढे ढकलतात.

सेमीकोलन_काका: यात रिॲक्टचा काय गुन्हा? काउंट हा त्या रेंडरपुरता (स्क्रीन एकदा काढण्यापुरता) कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारा आहे, सेटकाउंट त्याला हात लावत नाही, पुढच्या रेंडरची ऑर्डर देतं फक्त. सेटकाउंट(काउंट + १) तीनदा ओळीने लिहून बघ, एकनेच वाढेल. सेटकाउंट(सी => सी + १) तीनदा लिही, तीनने वाढेल. हे क्लोजर आहे, फंक्शन बनलं तेव्हाची व्हेरिएबल्स ते धरून ठेवतं, म्हणजे शुद्ध जावास्क्रिप्ट. ते कच्चं ठेवून फ्रेमवर्कच्या नावाने बोटं मोडायची हे काय पटत नाही बुवा.

पाटी_कोरी: काका, क्लोजर मान्य. पण दोन रिक्वेस्ट?

सेमीकोलन_काका: स्ट्रिक्ट मोड, रिॲक्टची चुका शोधणारी सेटिंग. रिॲक्ट १८ पासून (२०२२) डेव्हलपमेंटमध्ये कंपोनंट मुद्दाम एकदा माउंट (स्क्रीनवर चढवणं), अनमाउंट, परत माउंट करतात, क्लीनअप (काढताना करायची आवराआवर) विसरलास तर तिथेच कळावं म्हणून. प्रॉडक्शन बिल्डमध्ये रिक्वेस्ट एकदाच जाते.

एफफाइव्हवाला: म्हणजे चूक दिसावी म्हणून गोंधळ घालायचा आणि नवीन पोराला सांगायचं पण नाही की हा गोंधळ मुद्दाम आहे, वा! आमच्या पीएचपीत फाइल सेव्ह केली, एफ५ दाबलं, विषय संपला. अर्ध्या लोकांना चार पानांची साइट हवी असते हो, त्याला नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे डाउनलोड केलेल्या पॅकेजेसचा, डोंगर कशाला?

रात्रपाळी: एफ५ वर पोट भरतं का सध्या? फ्रेशरच्या जाहिराती काढून बघा, मी बघतेय त्यात तरी रिॲक्ट असतंच. हौस म्हणून कोण शिकतंय इथे.

पण पाटी_कोरीचा एक मुद्दा काका सोयीस्कर टाळतायत. जावास्क्रिप्ट पक्कं असून पण माणूस आपटतो, कारण खालची जमीनच हलते. रिॲक्टवर उभ्या नेक्स्ट फ्रेमवर्कचंच घ्या. व्हर्जन १३ आणि १४ मध्ये ॲप राउटरला (पानं मांडायची त्याची नवी पद्धत) फेचने आणलेला डेटा बाय डिफॉल्ट कॅश व्हायचा, म्हणजे साठवून परत वापरला जायचा, ऑक्टोबर २०२४ ला १५ आलं आणि डिफॉल्ट उलटं झालं. जुना व्हिडिओ बघून शिकणाऱ्याने काय करावं? त्यात कंपोनंट बाय डिफॉल्ट सर्व्हरवर चालतात, यूजस्टेट (कंपोनंटची स्टेट, म्हणजे बदलती माहिती, ठेवणारं फंक्शन) वापरलं की एरर, मग फाइलच्या डोक्यावर 'यूज क्लायंट' लिहा. ज्याला क्लायंट आणि सर्व्हर हेच अजून धड वेगळे करता येत नाहीत त्याला हे पहिल्याच आठवड्यात!

सेमीकोलन_काका: अगं मग नेक्स्ट घ्यायला सांगितलं कोणी? आधी नुसतं रिॲक्ट.

रात्रपाळी: रिॲक्टच्या ऑफिशियल डॉक्सने सांगितलं, काका. नवीन ॲप करायचं तर फ्रेमवर्कपासून सुरू करा म्हणतात, आणि यादीत नेक्स्ट वरच.

सेमीकोलन_काका: ठीक, ते मलाही खटकतं. पण त्याच डॉक्समध्ये फुली-गोळ्याचं ट्युटोरियल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल नको. प्रत्येक चालीला स्क्वेअर्सचा ॲरे स्लाइसने कॉपी करायला का लावलंय ते समजून घे, कारण शेवटी मागच्या चालीवर परत जायचं असतं आणि जुने ॲरे शाबूत असले तरच जाता येतं. हे कळलं की स्टेट थेट का बदलायची नाही ते कुणी सांगायला नको.

पाटी_कोरी: ते केलंय, आवडलं पण. फक्त त्यात एकही एपीआय कॉल नाही, आणि मला क्लासच्या प्रोजेक्टला प्रॉडक्ट लिस्ट आणायचीये. डेटा आणायला रिॲक्ट क्वेरी घे म्हणतात. म्हणजे अजून एक लायब्ररी.

एफफाइव्हवाला: पीएचपीत फॉर-ईच आहे रे, ये कधीपण.

रात्रपाळी: लायब्ररी नंतर घे. इफेक्टमध्ये इग्नोर नावाचं व्हेरिएबल फॉल्स ठेव, क्लीनअपमध्ये ट्रू कर, आणि ट्रू नसेल तरच सेट कर. रिक्वेस्ट दोनच दिसतील, पण पहिलीचं उत्तर फेकलं जाईल.

पाटी_कोरी: चाललं. पण एक लिस्ट आणायला इतकं लिहावं लागतं, म्हणून माझं मत आहे तिथेच आहे.