लोअर केलेल्या गाडीला १७ इंच ८जे ईटी३५ बसेल का? तातडीने मदत हवी आहे

सुसाट
गाडी लोअर करून घेतली. आता जुने रिम फारच आत गेल्यासारखे दिसतात, म्हणून १७ इंचाचे घ्यायचेत. ८जे ईटी३५ चा सेट मिळतोय (जे म्हणजे रिमची इंचातली रुंदी, ईटी म्हणजे रिमची मध्यरेषा हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापासून किती मिमी आत ते), डिझाइन अगदी हवं तेच. बसेल का? घासेल का? विकणाऱ्याला आजच उत्तर द्यायचंय. कृपया "शोधून बघा" असं सांगू नका, शोधलं की दहा जण दहा आकडे देतात.

ओळंबा
गाडी कोणती? किती मिलिमीटर खाली आणली? नुसत्या स्प्रिंग बदलल्या की उंची बदलता येणारे कॉइलओव्हर टाकले? सध्याचा रिम, सध्याचा टायर, नवा टायर? यातलं काहीच कळलं नाही तर उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

रिमवेडा
बिनधास्त घ्या. ८जे वर १९५/४० (१९५ मिमी रुंद, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के) ताणून चढवा. साइडवॉल आत झुकते आणि मडगार्डखालून आरामात जाते. लुकही मस्त येतो.

टॉर्कपाना
रिमवेडा, १९५/४०आर१७ ला रिमची रुंदी साडेसहा ते साडेसात इंच चालते. ८जे त्या मर्यादेच्या बाहेर आहे. शिवाय त्या टायरचा लोड इंडेक्स ८१, म्हणजे चाकामागे ४६२ किलो. हवा थोडी कमी झाली आणि खड्ड्यात आदळला की ताणलेल्या टायरचा बीड (रिमवर बसणारी कड) रिमवरून सुटू शकतो. असा सल्ला देताना निदान समोरच्याची गाडी तरी विचारत जा.

सुसाट
पोलो आहे, १.२ टीएसआय. ४० मिमीच्या स्प्रिंग, शॉक कंपनीचेच. टायर १८५/६०आर१५. रिमच्या मागे ६जे x १५, ईटी४० कोरलंय. नवा टायर २१५/४०. आता सांगा, हो की नाही?

आकडेमोड
नाही. ६जे ईटी४० मध्ये रिमची बाहेरची कड हबच्या बसण्याच्या पृष्ठभागापासून ३६ मिमी बाहेर असते. ८जे ईटी३५ मध्ये ती ६६.६ वर जाते. म्हणजे ३० मिमी बाहेर आणि २० मिमी आत. विषय संपला.

ओळंबा
विषय संपला नाही, कारण मडगार्डला रिम घासत नाही, टायर घासतो. १८५ चा टायर ६जे वर रिमच्या कडेपेक्षा बराच फुगलेला असतो, प्रत्यक्ष रुंदी साधारण १९४. २१५/४० ची प्रत्यक्ष रुंदी साडेसात इंची रिमवर २१८ आणि ८जे वर साधारण २२३ (रिम अर्धा इंच वाढला की टायर सुमारे ५ मिमी रुंद होतो). निम्मी रुंदी वजा ईटी केलं की टायर बाहेर किती ते कळतं: जुना ९७ वजा ४० म्हणजे ५७, नवा १११.५ वजा ३५ म्हणजे ७६.५. टायर साधारण २० मिमी बाहेर जाईल. आतल्या बाजूला ईटी मिळवायचं: १३७ चं १४६.५ होतं, म्हणजे स्ट्रटकडे (पुढच्या सस्पेन्शनच्या उभ्या खांबाकडे) साडेनऊ मिमी. ब्रँडनुसार ३-४ मिमी इकडेतिकडे होतात, म्हणून तुमच्या टायरचा रुंदीचा आकडा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या.

आता खरा प्रश्न मागच्या चाकांचा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी खाली आली की कॅम्बर थोडा निगेटिव्ह होतो, चाकाचा वरचा भाग आत जातो आणि थोडी जागा मिळते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा. तिथे गाडी खाली आणल्याने कॅम्बर जवळजवळ बदलतच नाही. चाक सरळ वर मडगार्डच्या दुमडीत शिरतं, तेही तिघं मागे बसल्यावर. म्हणून आधी मागची जागा मोजा:

गाडी सपाट जागी उभी. मडगार्डच्या आतल्या दुमडीवरून ओळंबा सोडा, चाकाच्या मध्यरेषेवर. दोऱ्यापासून टायरच्या सर्वात फुगलेल्या भागापर्यंत किती मिमी, ते फूटपट्टीने मोजा. दोन्ही बाजूंना मोजा, बीम क्वचितच बरोबर मध्यात असतो. मग पुढचं चाक न काढता जॅकने हब वर उचला आणि टायर स्ट्रटच्या सर्वात जवळ कुठे येतो, तिथलं अंतर घ्या.

गतिरोधक
अवांतर: लोअर केल्यावर हेडलाइटची उंची तपासलीत का? पुढून जास्त खाली आली असेल तर झोत जवळच पडतो. आणि नायट्रोजन भरून घ्या.

टॉर्कपाना
हेडलाइटचा मुद्दा बरोबर, नायट्रोजनचा या धाग्याशी काय संबंध? त्यापेक्षा हे वाचा. या गाडीचे मूळ बोल्ट एम१४ x १.५, बॉल सीटचे (टेकणारा भाग गोल). बाजारातले बहुतेक रिम ६० अंशाच्या कोनिकल सीटचे. बॉल बोल्ट कोनात फक्त एका बारीक रेषेवर टेकतो, मग कितीही आवळा, सुटणारच. रिमसोबत योग्य बोल्ट घ्या, हबमध्ये किमान सात पूर्ण आटे गेले पाहिजेत.

आकडेमोड
स्क्रब रेडियसचं (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला भेटतो तिथून टायरच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर) काय? इतका रुंद रिम टाकला की स्टिअरिंग ओढणार.

ओळंबा
स्क्रब रेडियस रिमच्या रुंदीने बदलत नाही, ईटीने बदलतो. ४० वरून ३५ म्हणजे टायरची मध्यरेषा फक्त ५ मिमी बाहेर. ईटी २० केलं असतं तर ब्रेक लावताना एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडा रस्ता आला की स्टिअरिंग हाताला ओढलं असतं, बेअरिंगवरही जास्त भार आला असता.

रिमवेडा
इतकं मोजमाप कशाला, मडगार्डची दुमड रोल करा आणि टाका ८जे.

टॉर्कपाना
रोलिंगने दुमड जितकी आत आलेली असते तेवढीच जागा मिळते, २० मिमी नाही. हीट गनने रंग नीट गरम न करता मशीन फिरवली तर रंगाला चीर जाते आणि तिथूनच गंज धरतो.

सुसाट
मोजलं. मागे डावीकडे १४, उजवीकडे ११. पुढे स्ट्रटपासून २०. पूर्ण वळवल्यावर पुढे आताच किंचित घासल्याचा आवाज येतो, तो आधी सांगायचा राहिला.

ओळंबा
तर ८जे ईटी३५ चा सेट सोडून द्या. उजवीकडे ११ च मिमी आहेत आणि तुम्ही २० मागताय.

१७ x ७.५जे ईटी४५ शोधा, टायर २०५/४०आर१७. प्रत्यक्ष रुंदी साधारण २१२, म्हणजे बाहेर ४ मिमी, आत १४. मागे उजवीकडे ७ उरतात, पुढे स्ट्रटशी ६. मी स्ट्रटशी ५ च्या खाली जाऊ देत नाही. ईटी४२ घेतलं तर मागे ४ च उरतात, वळणावर टायर तेवढा सहज सरकतो. टायर ८४ एक्सएल (जास्त भार पेलणारा) घ्या, ५०० किलो, तुमच्या मूळ ८४ इतकाच. एक्सएलला ती क्षमता जास्त हवेवर मिळते, म्हणून जुन्या टायरचा दाब जसाच्या तसा ठेवू नका. व्यास ६०३ वरून ५९६ होतो, गाडी आणखी साडेतीन मिमी खाली येईल.

पूर्ण वळवल्यावरच्या आवाजासाठी चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं लायनर बघा. घासलेल्या जागी ते काळं, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतं. बऱ्याचदा क्लिप सुटून ते खाली लोंबत असतं. पुढे जास्त रुंद टायर टाकण्याआधी तो आवाज मिटवा. आणि स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट केलं नसेल तर टो (चाकं वरून पाहता किती आत-बाहेर वळलेली ते) बिघडलेला असणार, नवा टायर आतल्या कडेने झिजेल.

सुसाट
ईटी४५ मिळतोय, पण ५x११२ मध्ये (५ बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर). माझी ५x१००. वॉबल बोल्टने (सीट थोडी सरकणारे बोल्ट) भागेल का? नाहीतर हब आणि रिमच्या मधे अॅडॅप्टर?

टॉर्कपाना
वॉबल बोल्ट ९८ ते १०० अशा दोन मिमीच्या फरकासाठी असतात, १२ साठी नाही. अॅडॅप्टर २० मिमीचा धरला तर ईटी४५ चं २५ झालं. टायर पुन्हा २४ मिमी बाहेर, म्हणजे ८जे पेक्षाही वाईट. ५x१०० च शोधा.

सुसाट
ठीक. सेंटर बोअर (मधलं भोक) ७३.१ लिहिलेला एक ५x१०० सेट दिसतोय, ७.५जे ईटी४५.

टॉर्कपाना
तुमचा हब ५७.१. ७३.१ ते ५७.१ ची मधली फट भरणारी रिंग चारही चाकांना लागेल, नाहीतर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरेल. प्लॅस्टिकची रिंगही चालते, पण बसवण्याआधी हबवरचा गंज वायर ब्रशने काढा. बोल्ट १२० न्यूटन मीटरने आवळा, ताऱ्याच्या क्रमाने. ५० ते १०० किमी चालवून पुन्हा आवळा.

ओळंबा
आणि पूर्ण पैसे देण्याआधी एक चाक मागे उजवीकडे चढवून बघा. दुमडीच्या आत मुलांच्या क्लेची बोटभर पट्टी चिकटवा, मागे तिघांना बसवा, गतिरोधकावरून सावकाश न्या. क्लेवर टायरची खूण उमटली तर तो सेट नको.