‘मराठीत वाट पाहण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

(डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सिनेमाच्या एका चर्चामंचावर झालेली चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शेवटची रांग

काल इथे ‘२०२६ मध्ये चुकवू नयेत असे दहा सिनेमे’ ही यादी आली. नोलनचा ‘ओडिसी’, ‘ड्यून’चा तिसरा भाग, ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’, नितेश तिवारींचं ‘रामायण’, ‘टॉक्सिक’, ‘धुरंधर’चा दुसरा भाग, ‘बॉर्डर २’ वगैरे. दहाव्या नंबरावर ‘राजा शिवाजी’, आणि त्याखाली एक ओळ : ‘मराठीत याशिवाय वाट पाहण्यासारखं काही दिसलं नाही.’ त्या ओळीने रात्रभर डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

दिसलं नाही? १ जानेवारीला, म्हणजे या गुरुवारीच, हेमंत ढोमेचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ लागतोय. सचिन खेडेकर, अमेय वाघ, सिद्धार्थ चांदेकर, आणि प्राजक्ता कोळी पहिल्यांदाच मराठीत. बंद पडायला आलेल्या मराठी शाळेची गोष्ट आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिथे आज पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आहेत. मला वाट पाहायला याहून जास्त कारण लागत नाही.

आता मूळ मुद्दा. वाट पाहायला आधी तारीख लागते. ‘ओडिसी’ १७ जुलैला येणार, आणि परदेशात त्याच्या ७० एमएमच्या काही खेळांची तिकिटं वर्षभर आधी विकून झाली. ‘रामायण’ची दिवाळी दोन वर्षं आधीच जाहीर झाली. मराठी निर्माता मात्र महिनाभर आधीही तारीख छातीठोकपणे सांगत नाही, कारण त्या शुक्रवारी मोठा हिंदी सिनेमा आला की याचे खेळ गेले. २०२६ चा गुढीपाडवा बघा. १९ मार्चला ‘टॉक्सिक’ आणि ‘धुरंधर’ दोन्ही जाहीर झालेत. आपल्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्या दोघांच्या मध्ये कोण उभा राहील?

‘राजा शिवाजी’ला महाराष्ट्र दिन मिळालाय, पण १ मे ही तारीख आधी ‘अ‍ॅव्हेंजर्स’ने धरून ठेवली होती. ते १८ डिसेंबरवर सरकले म्हणून २०२६ चा १ मे एवढा मोकळा दिसतो.

आणि तारीख मिळाली तरी काय? सप्टेंबरात आईला मराठी सिनेमाला नेलं. शनिवारी फक्त दोन खेळ, सकाळी सव्वादहाचा आणि रात्री पावणेअकराचा. आईचे गुडघे दुखतात, म्हणून सकाळचा घेतला. ती सात वाजता साडी नेसून बसली होती. साडेनऊला मेसेज आला, पुरेशी तिकिटं गेली नाहीत म्हणून खेळ रद्द. पैसे परत आले, बुकिंगचा आकार कापून. आई म्हणाली, ‘चल, भाजी तरी घेऊन येऊ.’ यादी करताना हे कोण बघतं?

पहिला शो

यादी माझी आहे, उत्तर मीच देतो. तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, पण तो खेळ मी रद्द केला नाही.

मी महिन्याला एक सिनेमा थिएटरात बघतो. दोघांचं तिकीट, पार्किंग, मध्यंतरात काही खाल्लं तर हजार रुपये मोडतात. त्या पैशांत मला मोठ्या पडद्यावरच बघायला हवं असं काहीतरी हवं. ‘ओडिसी’ हा पूर्णपणे आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला पहिला सिनेमा आहे. समुद्र, जहाजं, मॅट डेमनचा ओडिसियस. तो टीव्हीवर बघणं म्हणजे त्याची माती करणं. लंडनच्या फ्लॅटमध्ये चार मैत्रिणी जुने हिशेब काढून रडतात, तो सिनेमा दोन महिन्यांनी घरी बघितला तर काय बिघडतं?

आणि तारखेचं रडगाणं नको. ज्याच्या सिनेमात दम आहे त्याला तारीख मिळते. ‘सैराट’ला मिळाली.

मावशीबोळ

‘चार मैत्रिणी रडतात’ काय? ‘बाईपण भारी देवा’ला आमच्या सोसायटीतल्या बावीस जणी गेलो होतो. त्यातल्या सात जणी त्याआधी नऊ-दहा वर्षं थिएटरात गेल्या नव्हत्या. जून २०२३ च्या शेवटाला लागलेला सिनेमा ऑगस्टातही चालू होता, आणि तो कोणाच्या व्हीएफएक्सवर नव्हे, आमच्या पायांवर चालला. मोठा पडदा फक्त जहाजांसाठी असतो हे कोणी ठरवलं? त्या दिवशी मध्यंतरात मी एका अनोळखी बाईशी माझ्या बहिणीबद्दल बोलले, जे घरात कधी बोलले नव्हते. हे घरच्या टीव्हीसमोर होत नाही, दादा.

ठाणे पश्चिम

लंडनचा विषय निघालाच आहे तर सांगा, सगळे मराठी सिनेमे तिकडेच का जातात? आम्हाला सांगली, जालना, चंद्रपूर दाखवा ना. गेल्या काही वर्षांत मी टेम्स नदी कृष्णेपेक्षा जास्त वेळा पाहिली.

नाझची पायरी

लंडनला जातात कारण तिथे चित्रीकरणावर केलेल्या खर्चाचा काही भाग तिथलं सरकार परत देतं. लहान बजेटला तो मोठा आधार. हौस म्हणून कोणी जात नाही.

मी चौदा वर्षं मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाझ थिएटरच्या इमारतीत एका सिनेमा-वितरकाकडे होतो. रिळांचे डबे एसटीत चढवण्यापासून सुरुवात केली. ‘दम असेल तर तारीख मिळते’ हे वाचून राहवलं नाही. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे हिंदी सिनेमे लागले नाहीत. मग वाटणी ठरली : पहिल्या आठवड्यात निर्मात्याला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत गर्दी खेचणारा मोठा सिनेमा निर्मात्याला फायद्याचा. मराठी सिनेमा तोंडी प्रचारावर चालतो, त्याचा खरा प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतो, तेव्हा निर्मात्याचा हिस्सा उतरलेला असतो. तिथवर सिनेमा टिकला तर! त्यात डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं, व्हीपीएफ, दर पडद्यामागे आधीच मोजायचं. लहान निर्माता दोनशे पडदे घेताना हातपाय गार होतात.

‘सैराट’चं नाव सगळे घेतात. तसा सिनेमा दहा वर्षांत एक येतो. अपवादावर धंद्याचे नियम बसवू नका.

पहिला शो

वाटणीचं मला माहीत नव्हतं, हे मान्य. पण तुमच्या या हिशेबात थिएटरवाल्याला तर सिनेमा जास्त आठवडे चालला की जास्त मिळतं. मग तो मराठी सिनेमा पडद्यावरून उतरवतो कशाला? प्रेक्षक येत नाहीत म्हणूनच ना!

नाझची पायरी

सकाळी सव्वादहाला आणि रात्री पावणेअकराला कोण येणार? आधी अडनिडी वेळ द्यायची, मग गर्दी नाही म्हणायचं. २०१५ मध्ये सरकारने संध्याकाळी ६ ते ९ मराठी सिनेमा सक्तीचा केला. आठवडा उलटायच्या आत ते दुपारी १२ ते रात्री ९ झालं. दुपारी बाराचा खेळ ‘प्राइम टाइम’! नोकरी करणाऱ्याने बाराला जायचं कसं? गेल्या जुलैत ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच शुक्रवारी लागले. ‘सैयारा’ला गर्दी लोटली आणि मराठीचे खेळ काढले म्हणून राजकीय पक्षांना आवाज चढवावा लागला. खेळ मिळवायला पक्षाच्या कार्यालयात जावं लागणं हा कुठला धंदा?

तालुक्याचं ठिकाण

तुम्ही समदे पुण्या-मुंबईत बसून खेळाच्या वेळेवर भांडताय. आमच्याकडं खेळच न्हाई. माझ्या लहानपणी गावात दोन टॉकीज होत्या. एकीचं गोडाऊन झालं, दुसरीचं मंगल कार्यालय. माझं लग्न त्याच मंगल कार्यालयात लागलं, जिथं पडदा होता तिथं आमचं स्टेज होतं. आता सिनेमा बघायचा तर जिल्ह्याला जायचं, जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर. ‘दशावतार’ बघायला सात जण गाडी करून गेलो. डिझेल, जेवण, तिकिटं धरून चार हजार गेले. तरी गेलो, कारण प्रभावळकरांना त्या वयात पडद्यावर तसं बघायचं होतं. नव्या वर्षात कोणता सिनेमा बघू हा प्रश्न आम्हाला विचारूच नका. पडदा कवा येणार ते सांगा.

ठाणे पश्चिम

पडदा येईल कसा? एकपडदा थिएटर चालवणाऱ्याला वीज, नोकर आणि मालमत्ता कर भागवताना नाकी नऊ येतात, आणि जागेला बिल्डर भाव देतो. सप्टेंबरात जीएसटी बदलला, शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, शंभराच्या वरच्या तिकिटावर १८. फायदा झाला तो शंभरच्या आतल्या तिकिटाला, आणि ते तिकीट लावणारी थिएटरंच उरली नाहीत.

मावशीबोळ

कर्नाटकने दोनशे रुपयांची मर्यादा घातली होती की तिकिटावर. आपल्याकडे का नाही?

ठाणे पश्चिम

घातली आणि तिथल्या उच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. असं वरवरचं लिहू नका, ताई.

मावशीबोळ

वरवरचं? तीस वर्षं घरखर्चाची वही लिहितेय मी. स्थगिती मिळाली म्हणून मागणीच चुकीची ठरते का? लेकीच्या दोन मुलांना घेऊन गेले तर पॉपकॉर्नचे पैसे तिकिटाहून जास्त होतात. पिशवीतला डबा दारात काढून घेतात. मला शिकवू नका.

सातारकर

सगळे कुठल्या कुठे गेलात. मला ‘राजा शिवाजी’बद्दल बोलायचंय. रितेश देशमुख स्वतः दिग्दर्शन करतोय, कॅमेऱ्यामागे संतोष सिवन, संगीत अजय-अतुल. यादीत हा दहावा? लाज वाटली पाहिजे.

पहिला शो

लाज कशाची? ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ मी सगळे थिएटरात पाहिलेत. पाच वर्षांत पाच. महाराजांबद्दलच्या आदराचा आणि सिनेमा म्हणून उत्सुकतेचा संबंध जोडू नका. मला मराठीत आजचा माणूस बघायचाय.

सातारकर

आजचा माणूस बघायचा होता तर ‘साबर बोंडं’ला गेलात का? रोहन कानवडेने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवातून ग्रँड ज्युरी पारितोषिक आणलं, सप्टेंबरात सिनेमा आपल्याकडे लागला. गेलात? खरं सांगा.

पहिला शो

नाही गेलो.

सातारकर

मग संपलं. ‘छावा’ला मात्र रांगा लागल्या. सावंतांची मराठी कादंबरी, आपल्या मातीतला राजा, आणि भाषा हिंदी. तेव्हा पडदे कसे मिळाले? तसाच राजा मराठीत बोलला की तुम्हाला कंटाळा येतो.

पहिला शो

‘साबर बोंडं’ माझ्या भागात एकाच ठिकाणी, एकच खेळ होता, मंगळवारी दुपारी. मला रजा मिळाली नाही. पुढच्या शुक्रवारी तोही गेला.

शेवटची रांग

मी काल रात्रीपासून हेच सांगतोय.

पहिला शो

हो, लक्षात आलं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मराठी निर्मात्यांनी ट्रेलर आठवडाभर आधी टाकणं थांबवावं. ‘ड्यून’ आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’ एकाच दिवशी येणार हे मला वर्ष आधी कळतं, आणि शेजारच्या नाट्यगृहात ज्याचं नाटक बघितलं त्याच नटाचा सिनेमा आला-गेला हे मला टीव्हीवर लागल्यावर कळतं. ही चूक माझी एकट्याची नाही.

एडिसनची सून

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे मराठी सिनेमा बहुतेक एका शनिवार-रविवारपुरता येतो. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरतो, आधी किती जण येणार त्याची नावं घेतात, मग खेळ पक्का होतो. कधी पन्नास मैल गाडी हाकतो. पण रद्द झालेला एकही खेळ मला आठवत नाही, कारण माणसं आधीच मोजलेली असतात. तुम्ही तिथे सोसायटीची, शाळेची, कट्ट्याची माणसं का मोजत नाही?

नाझची पायरी

हे खरं आहे. थिएटरच्या व्यवस्थापकाला साठ नावं आधी द्या, तो संध्याकाळचा खेळ देतो. आम्ही मिरजेत, अकोल्यात असे खेळ लावलेत. त्याला तुमच्या भाषेवर राग नाही, रिकाम्या खुर्च्यांची भीती आहे.

तालुक्याचं ठिकाण

साठ काय, शंभर नावं देतो. पडद्याचं सांगा.

शेवटची रांग

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, दादा.

‘क्रांतिज्योती’साठी माझ्या शाळेच्या ग्रुपवर विचारलं. दोन तासांत एकेचाळीस जण झाले, त्यात आमच्या दोन बाई आहेत, एक ऐंशी वर्षांच्या. रविवारी ४ तारखेला संध्याकाळी सव्वापाचचा खेळ मागितलाय. एकोणीस खुर्च्या अजून भरायच्यात. ‘पहिला शो’, तुम्ही ठाण्याच्या आसपासच राहता ना? दोन तिकिटं धरू का?

पहिला शो

एकच धरा. बायको त्या दिवशी माहेरी आहे.